रविवारचं गाणं

काल समोरच्या घरातलं सामान टेम्पोत चढताना पाहिलं आणि आमचं नगरचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आठवलं. आमची लेक रूथ तेव्हा तीन वर्षांची होती. माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, आणि मी मिशनच्या कामासाठी वर्षभर नंदुरबारकडच्या पाड्यांवर जायचं ठरवलं होतं. अनोळखी माणसांशी बोलायला आपल्याला जमेल का, या धास्तीतच मी भांडी बांधली.

सामान गेलं आणि रिकाम्या खोलीत आमचे आवाज घुमायला लागले. तेवढ्यात शेजारच्या मालतीकाकू दशम्यांचा डबा घेऊन दारात आल्या.

"जाण्याआधी ते तुमचं रविवारचं गाणं एकदा म्हणाल का?"

"तुम्हाला ऐकू जायचं?" मी ओशाळले. दर रविवारी संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत आम्ही ते भजन म्हणायचो.

"भिंत ती केवढीशी! आमचे हे गेल्यापासून रविवारची संध्याकाळ त्या गाण्यावरच निभते माझी."

आम्ही गायलो. काकू उंबऱ्याबाहेरच डोळे मिटून उभ्या होत्या. रूथनं जाऊन त्यांचं बोट धरलं आणि त्यांना आत आणलं.

पुढे कितीतरी पाड्यांवर, कितीतरी अंगणांत गायलो. माणसं प्रेमानं ऐकायची. मला मात्र काकूच आठवायच्या. शेजारी राहिलेल्या पाच वर्षांत मी त्यांना एकदाही आत बोलावलं नव्हतं.