हात जोडावेत असा बल्ब

आईनं फोनवर एवढंच सांगितलं, "मशीन घेऊन जा तुझ्याकडं नांदेडला. मला आता दिसंना."

आईनं शिलाई मशीन घेऊन जा म्हणणं म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. लातूरला, मी लहान असल्यापासून, ती साड्यांना फॉल-पिको करत आली. आता फॉल काय, कुणीही लावतं हो! पण साडीच्या रंगात रंग असा मिसळलेला पाहिजे, की फॉल लावलाय की नाही हेच कळू नये. त्यात आईचा हात धरणारं मला तरी अजून कुणी भेटलं नाही. गल्लीतल्या पोरी लग्न होऊन उदगीरला, निलंग्याला गेल्या, तरी माहेरी येताना साड्यांची पिशवी आईसाठी घेऊन येतात.

झालं होतं असं. तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि विश्रांतीसाठी ती माझ्याकडं नांदेडला येऊन राहिली. बरी होऊन लातूरला परत गेली, हौसेनं कामाला बसली, आणि शेजारच्या काकूंच्या मुलीच्या साखरपुड्याच्या साडीला फॉल लावून दिला. साडी मरून, फॉल चॉकलेटी! काकूंनी दारात साडी उलगडली, बघितली आणि हसून म्हणाल्या, "राहू द्या वहिनी, आतल्या बाजूला कोण बघतंय?" आईला हेच लागलं. काकू भांडल्या असत्या तर तिला चाललं असतं. सांभाळून घेतल्यासारखं बोलल्या, ते तिच्या जिव्हारी गेलं. साडी तिनं परत ठेवून घेतली, फॉल उसवला आणि मशीनवर जुनी चादर टाकून दिली.

मी पोहोचले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. ते मूळचे हदगावकडचे, बोलणं मोजकं. "डॉक्टरला दाखवलं का?" विचारलं तर म्हणाले, "हाव. डोळा एकदम चांगला म्हणतो."

आतून आईचा आवाज आला, "त्याला काय जातंय म्हणायला? त्याला कुठं फॉल लावायचाय!"

मशीनची खोली आमच्या घरात मधली. तिला खिडकी नाही, दिवसासुद्धा बल्ब लावूनच काम करावं लागतं. दिवेलागणीला आईनं बटण दाबलं आणि सवयीनं बल्बला हात जोडले. देवापुढचा दिवा वेगळा. पण घरात उजेड आला की त्याला हात जोडायचेच, ही तिची शिस्त. मग फॉलचा डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "तुझे डोळे चांगले हायेत. मरून तेवढा काढून दे. काकूची साडी झाली की मी सुटले." मी साडी मांडीवर घेतली, चार-दोन फॉल लावून बघितले आणि अगदी रंगाला रंग मिळाला तो काढून दिला. आईनं मुकाट्यानं टाके घालून तो साडीला अडकवला. ती मुकाट्यानं काम करते हेच मला बघवेना. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो बाईचा.

सकाळी ती साडी मी दारात नेली आणि ओरडलेच, "अगं बाई!" पुन्हा चॉकलेटी! चांगला चहाच्या भुकटीसारखा चॉकलेटी, आणि साडी शेजारी मरून.

आई धावत आली. तिनं साडी बघितली, मला बघितलं. "तुला बी मोतीबिंदू झाला का गं?" म्हणाली, आणि तशीच वळून मधल्या खोलीत जाऊन त्या बल्बकडं मान वर करून उभी राहिली.

"अहो, हा बल्ब कधी बसवला?"

बाबा खुशीत आले. "तू नांदेडला होतीस तवा. साऱ्या घरातले बदलून टाकले. जुना पिवळा काढला, हे एलईडी लावले. बाजारात हातगाडीवर ढीग लागला होता. तुझ्या डोळ्याला लख्ख उजेड पाहिजे म्हणून आणले!"

काय बोलणार या माणसाला? इतक्या मायेनं घोळ घातला होता की रागावताही येईना. मला मात्र आशा वाटायला लागली, की दोष आईच्या डोळ्याचा नसून बल्बचाच असेल. आई म्हणाली, "उगं नाचू नकोस. उन्हात मला बी दिसतंय. खोलीत बल्बखाली दिसलं तर खरं. न्हाई तर मशीन तू नेच."

तसे आम्ही तिघं नवा बल्ब आणायला निघालो. आईच्या पिशवीत ती साडी, उन्हात निवडलेला एक मरून फॉल आणि उसवून काढलेला चॉकलेटी. बाबांच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला त्यांचा बल्ब. तो निर्दोष आहे हे त्यांना दुकानात सिद्ध करायचं होतं.

गोलाईच्या बाजारातला विजेच्या सामानाचा दुकानदार तसा बोलका. "मावशी, किती वॉटचा देऊ?" आई म्हणाली, "वॉट तुमच्याकडंच राहू द्या. मला मरून मरून दिसला पाहिजे." बिचारा बघतच राहिला. दुकानात ऊन येत होतं, म्हणून आईनं त्याला थेट मागच्या खोक्यांच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, तिथली ट्यूबलाइट बंद करायला लावली आणि एकेक बल्ब लावायला सांगितला. आणि गंमत अशी, की बल्ब लागला रे लागला की तिचे हात आपोआप जोडले जायचे. तिसऱ्या बल्बला दुकानदाराला हसू आवरेना. "मावशी, पसंत तर पडू द्या, मग पाया पडा."

"तेच बघायलेय," आई म्हणाली. "ज्याला रोज हात जोडायचे, त्याचा उजेड खोटा नको."

आधी बाबांचाच बल्ब लावला. दोन्ही फॉल एकच, जुळे भाऊ. बाबांनी तो गुपचूप रुमालात परत गुंडाळला. मग एक दुकानातला, नुसता चकाकणारा. त्यातही मरूनचा जीव गेलेला. एकात रंग बरे दिसले, पण मी मोबाइलचा कॅमेरा धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले. दुकानदार म्हणाला, "हा लुकलुकतो. तुम्हाला कळत न्हाई, पर डोळ्याला कळतं. दिवसभर शिवण करणाऱ्याच्या कामाचा न्हाई." आता त्यालाही चेव आला होता. स्टुलावर चढून त्यानं वरच्या फळीवरनं एक खोकं काढलं, त्यावरचा सीआरआयचा आकडा दाखवला. तो शंभराच्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात म्हणे. बल्ब माझ्या हातात दिला. बुडाशी चांगला जड लागला. "आपल्याकडचं व्होल्टेज सारखं वर-खाली. हलके बल्ब लवकर जातात, हा टिकतो. गेलाच तर बदलून देतो." आणि मार्करनं त्याच्या बुडावर तारीख टाकली.

बल्ब लागला. आईनं हात जोडले. मग दोन्ही फॉल साडीवर ठेवले. मी तिच्या खांद्यावरनं बघितलं. मरून साडीत विरघळून गेला होता आणि चॉकलेटी परक्यासारखा बाजूला पडला होता.

"दिसतंय?" मी विचारलं.

"दुकानात दिसायलंय," ती म्हणाली. "हे दोन्ही मला माहीतच हायेत. डब्यातनं हुडकता आला तर खरं."

इतकी चिवट बाई! मला तिचा राग आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं. आयुष्यभर तिनं स्वतःच्या कामाला कधी सूट दिली नाही, ती आज तरी कशी देईल?

त्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी नवा बल्ब बसवला. आईनं हात जोडले, आणलेला मरून फॉल डब्यात टाकला, सगळे लाल, तपकिरी, जांभळे कालवले आणि खाली बसली. बाबा दारात उभे, मी भिंतीला टेकलेली. तिनं एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. तो साडीला लावला, हातानं सरळ केला आणि टाके घातले. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

सकाळी तिनं घडी माझ्या हातात दिली. "जा, दारात बघून ये." स्वतः आली नाही.

मी ओट्यावर उन्हात साडी पसरली. फॉल कुठून सुरू होतो ते मला दिसेना. बोट फिरवलं तेव्हा शिवण लागली. माझे डोळे भरून आले. बाबा शेजारी येऊन उभे राहिले, साडी बघितली आणि उपरण्यानं तोंड पुसायला लागले.

"आई," मी कशीबशी हाक मारली.

मधल्या खोलीतनं चादर ओढल्याचा आवाज आला, आणि मशीन सुरू झाली.