खाटेखालची पिशवी

"बरं हाय" या दोन शब्दांवर माझा काडीचाही विश्वास नाही. नर्सिंग शिकत असताना भोरमधल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात माझी ड्युटी होती. वेल्ह्याकडच्या धनगरवस्तीवरची एक सून सकाळी बाळंत झाली होती. कसं वाटतंय म्हणून विचारलं, की ती सासूकडे बघायची आणि सासू उत्तर द्यायची, "बरं हाय."

तिच्या अंगाखालचं फडकं दर वेळी कोरडं दिसायचं. पण नाडी पळत होती, ओठ पांढरे पडले होते. इतकी कोरडी बाळंतीण मी पाहिली नव्हती. मला सासूचाच संशय आला, कारण ती सारखी वाकून खाटेखाली काहीतरी सारत होती.

"मावशी, ती पिशवी दाखवा."

"आमचं धुणं हाय. तुमाला काय करायचंय?"

मी पिशवी ओढलीच. आत रक्तानं थबथबलेली लुगड्याची फडकी होती. दवाखान्यात आपली घाण दिसू नये म्हणून सासू ती गुपचूप बदलत होती, घरी नेऊन धुणार होती. लाजेपायी! माझं डोकंच फिरलं. ओरडूनच सिस्टरांना बोलावलं.

पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, तेव्हा कुठे रक्त थांबलं. सासू कोपऱ्यात रडत होती. पुन्हा सुई टोचली तशी सून कळवळली, "ताई, लई दुखतंय!"

तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. त्यावर मात्र माझा लगेच विश्वास बसला.