पाचवं शील आणि सायन्सची सीट

ज्या वयात सरकार कुणाला बाटलीच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नव्हतं, त्या वयात मी दारू सोडली. तिची चव कशी असते ते मला आजही ठाऊक नाही. आम्ही बौद्ध झालो त्या दिवशी पांढरी साडी नेसून, भर मैदानात, मादक पदार्थांपासून दूर राहीन असं मी मोठ्यानं म्हटलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बाबांकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. आमच्या घरापुरतं तरी ते पाचवं शील त्यांच्यासाठीच होतं.

बाबा परळच्या एका गिरणीत सूत काढायच्या खात्यात होते. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती, म्हणजे दारू माझगावला एका आंटीच्या घरी मिळायची. बाबांचे जोडीदार समोरच्या चाळीतले, मालवणकडचे काका. गिरणीत दोघांचे पाण्याचे माठ वेगळे. आंटीकडे मात्र एकच पेला दोघांत फिरायचा. आईचा राग त्या पेल्यावर आणि माझा त्या माठांवर. बाबांनी जात आणि दारू एकाच दिवशी सोडली आणि काका उघड्यावर पडले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दोघं अजूनही खांद्याला खांदा लावून घसा फोडत, पण मोर्चा संपून बाबा सरळ घरी निघाले की काकांचा चेहरा बघवत नसे.

बाबा आंटीकडे येत नाहीत, तर बाटलीच त्यांच्याकडे न्यावी, म्हणून अखेर काकांनी दारूचं परमिट काढायचं मनावर घेतलं. कायद्यानं पिता येत असे, पण त्याला वय झालेलं लागे, शिवाय या माणसाला प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असं डॉक्टरनं लिहून द्यावं लागे. काकांचं वय झालेलं होतं, दुखणं मात्र काही केल्या सापडेना. मग ते गॅलरीत उभं राहून खोकायचा सराव करू लागले. इतका मन लावून, की त्यांची म्हातारी आई घाबरून रोज काढा उकळू लागली. काढा पिऊन पिऊन त्यांची तब्येत आणखीच सुधारली.

त्याच सुमारास, जूनमध्ये, मी मॅट्रिक पास झाले. मला सायन्सला जायचं होतं, पुढे डॉक्टर व्हायचं होतं, आणि गिरगावाकडचं एक कॉलेज मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. तिथे आमच्या लोकांसाठी राखून ठेवलेल्या जागा होत्या, पण जुनी जात लिहिणाऱ्यांना. ‘बौद्ध’ लिहिलं की सवलत गेली. घर तेच, मोरी तीच, आई तीच, गिरणीतला माठसुद्धा वेगळाच. पण धर्म बदलला तेवढ्यानं आमचं मागासलेपण संपलं, असं सरकारला वाटत होतं. आता शिकवण्या लावलेल्या, स्वतःची खोली असलेल्या मुलांशी मी बरोबरीनं झगडायचं, आणि याला न्याय म्हणायचं!

काकांचा सल्ला तयार होता. ‘‘अगो चेडवा, परमिटासाठी मी आजारी, सीटसाठी तू जुन्या जातीची. खरा सांगणाऱ्याक सरकार कायएक देणा नाय. लिवन टाक.’’

मलाही ते पटलं. पण बाबा काही मान डोलावेनात. माझा पारा चढला. ‘‘दारू तुम्ही प्यायचात, तुम्ही सोडलीत. त्यापायी माझी सीट कशाला घालवायची?’’

बाबा शांतपणे म्हणाले, ‘‘मैदानात तू सोताच्या तोंडानं बोललीस. माझं मी निभावतो, तुझं तू बघ. काय वाटंल ते लिही, मी इचारनार नाय.’’

याहून वाईट उत्तर कुठल्या बापानं दिलं नसेल. त्यांनी हुकूम सोडला असता, तर मी तो अगदी आनंदानं मोडला असता.

कॉलेजातला कारकून भला माणूस होता. माझा फॉर्म बघून त्यानं इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकला आणि कुजबुजला, ‘‘इथे जुनी जात लिही पोरी. सीट नक्की.’’ मी तेच लिहायला आले होते. पण तो कुजबुजला आणि माझं डोकं फिरलं. हक्काची गोष्ट ही अशी चोरून द्यायची? मी रागारागानं, निब मोडेल इतकं दाबून ‘बौद्ध’ लिहिलं आणि त्या बिचाऱ्याकडे असं पाहिलं, जणू जात त्यानंच जन्माला घातली होती.

सायन्सच्या यादीत माझं नाव लागलं नाही. थोडक्यात हुकलं. पुढे महाराष्ट्र झाला, बौद्धांना सवलती परत मिळाल्या, तोवर माझं आर्ट्सचं शिक्षण संपत आलं होतं. यादी लागली त्या दिवशी मात्र मी घरी येऊन गळा काढून रडले. शीलाचं तेजबीज काही नव्हतं, नुसती धुसफूस होती.

त्याच दुपारी काका आले. त्यांचा खोकला कुठल्याशा डॉक्टरला पटला होता आणि परमिट मिळालं होतं. पेपरात गुंडाळलेली पहिलीवहिली कायदेशीर बाटली त्यांनी आमच्या खोलीत उघडली, पेल्यात ओतली आणि बाबांपुढे सरकवली. ‘‘आज तरी घे रे. पोरीचा नाव लागूक नाय. त्या दुखात एक घोट.’’

आई चुलीपाशी थबकली. मी रडायची थांबले. बाबांचा हात पेल्यापर्यंत गेला, तिथेच क्षणभर राहिला. मग त्यांनी पेला हलकेच काकांकडे परत सरकवला.

‘‘पोरीनं शीलापायी सीट सोडली रं,’’ ते म्हणाले, ‘‘मला येवढा पेला सुटू नये?’’

काकांनी एक थेंब न सांडता दारू पुन्हा बाटलीत ओतली. ‘‘मगे मी एकटोच पिऊन काय करू?’’ ते रडवेले होऊन म्हणाले.

सीट मी शीलापायी सोडली नव्हती, रागापायी घालवली होती. बाबांना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर काकांना त्यांचा जोडीदार परत मिळाला असता.