आमच्या ह्यांचं सक्तीचं समुपदेशन

आमचे हे, म्हणजे पुरुषोत्तम, लंडनच्या एका कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, प्लॅनिंग खात्यात तेहतीस वर्षं अर्ज तपासत होते. कुणाला मागे किचन वाढवायचंय, कुणाला काचेची कन्झर्व्हेटरी बांधायचीय. अर्ज हातात आला की त्यात काय आहे हे बघायच्या आधी काय नाही ते शोधायचं. नकाशा नाही, सही नाही, तारीख आहे पण चुकीच्या चौकोनात. परत! लोक वैतागायचे आणि हे समाधानाने घरी येऊन वरणभात जेवायचे. माणूस वाईट नाही हो. दारू नाही, सिगारेट नाही, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. फक्त एखादी गोष्ट फॉर्म न भरता होते, हे ह्यांना सहन होत नाही.

रिटायर झाले आणि तपासायला अर्ज उरले नाहीत. दोन महिने माझा फ्रीज तपासला. मग मीच आमच्या इथल्या मराठी मंडळात सुचवलं की ह्यांना काहीतरी द्या, आणि मंडळाने ‘ज्येष्ठ मार्गदर्शन केंद्र’ दिलं. केंद्र म्हणजे पिनरमधली आमची फ्रंट रूम. ह्यांनी दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं आणि आमच्या लग्नाचा फोटो होता त्या खिळ्यावर लावलं. फोटो आता जिन्याखाली आहे, व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे.

सुरुवातीला बरं चाललं होतं. नवी मंडळी यायची, पुण्याची, नागपूरची, व्हिसावर आलेली. जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरकडे, नाव कसं नोंदवायचं, कौन्सिल टॅक्स कसा भरायचा, कुठल्या दिवशी कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा. हे सांगायला ह्यांच्याइतका लायक माणूस उत्तर लंडनमध्ये सापडणार नाही.

मग एक दिवस ह्यांच्या वाचनात आलं की अमेरिकेतल्या काही राज्यांत गर्भपाताआधी कायद्यानेच समुपदेशन घ्यावं लागतं, माहिती ऐकावी लागते, वर चोवीस तास थांबावं लागतं. काही ठिकाणी तर बहात्तर. हे लगेच इथलं बघायला बसले. इथे दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात, पण त्या ते आपापसात करतात, आणि समुपदेशन हवं असेल तर घ्या, नको असेल तर राहू द्या. हे चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. “लीला, म्हणजे नुसता क्लिनिकला फोन करायचा?” मी म्हटलं, “नुसता नाही हो, आधी पोटात असावं लागतं.” हे हसले नाहीत. पार्लमेंटच्या हातून राहून गेलेलं काम आमच्या फ्रंट रूमने हाती घेतलं.

तीन सेशन ठरली. पहिलं ‘विज्ञान आणि संस्कार’, दुसरं ‘पर्याय’, तिसरं ‘शांत चित्त’. सत्तेचाळीस स्लाइड्स. बाविसाव्या स्लाइडवर आमची नात दिया, सहा महिन्यांची, भोपळ्याच्या वेषात. दिया आता एकोणीस वर्षांची आहे. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, माझा फोटो काढायला सांग. हा खूप वाईट आयडिया आहे.” तिचं मराठी कच्चं आहे, पण अक्कल पक्की आहे. आणि तिन्ही सेशन पूर्ण झाल्यावर मंडळाचा शिक्का मारलेलं सर्टिफिकेट.

मी काय केलं? मी चहा केला. म्हटलं, कोण कशाला येतंय ह्यांचं ऐकायला.

आली. वरदा. दोन गल्ल्या सोडून राहणारी, मूळची नागपूरची, तिशीची, कुश नावाचा दोन वर्षांचा मुलगा, आणि आता पुन्हा दिवस गेलेले. तिचा नवरा नकुल प्रत्येक गोष्ट ह्यांना विचारून करतो. त्याने मंडळाच्या हळदीकुंकवात ह्यांना बाजूला घेऊन विचारलं, “काका, इथे याची प्रोसेस काय असते?” ह्यांनी सांगितलं, “प्रोसेस अशी आहे. तीन सेशन, मग सर्टिफिकेट.” खोटं बोलायचं ह्यांच्या मनातही नव्हतं. स्वतः केलेला नियम ह्यांना नियमच वाटतो.

पहिलं सेशन तीन तास चाललं. दुसरं दोन आठवड्यांनी. वरदा वहीत लिहून घ्यायची. मला वाटलं, हौशी आहे पोरगी, मनात घोळत असेल अजून. तिसरं सेशन ह्यांनी दोनदा पुढे ढकललं, कारण मंडळाची वार्षिक सभा तोंडावर आली होती आणि हॉलवाला खुर्च्यांचा आकडा सांगत नव्हता.

परवा मंगळवारी दुपारी ती कुशला बाबागाडीत घालून दारात उभी. “काकू, काका आहेत का? आज तिसरं सेशन उरकलं तर फार बरं होईल.” हे वेम्बलीच्या हॉलवर खुर्च्या मोजायला गेले होते. मी तिला आत घेतलं. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. विचारलं, “अगं, एवढी काय घाई?”

“आज नऊ आठवडे दोन दिवस झाले, काकू. दहाच्या आत असेल तरच गोळ्या घरी घेता येतात. पुढे गेलं तर क्लिनिकमध्येच जावं लागेल. मला घरी करायचंय, कुशजवळ. पण सर्टिफिकेटशिवाय फोन कसा करू?”

“कसलं सर्टिफिकेट?”

“काकांचं. क्लिनिकला द्यायचं ना?”

ती बिचारी सांगत होती की व्हिसाला टीबीचं सर्टिफिकेट लागलं, लग्नाचं लागलं, घर भाड्याने घेताना चार कागद लागले, तेव्हा याला लागणारच असं तिने धरलं. क्लिनिकच्या वेबसाइटवर समुपदेशन हा शब्द दिसला आणि तिची खात्रीच पटली. पाच आठवड्यांची गरोदर असल्यापासून ही मुलगी आमच्या सोफ्यावर बसून भोपळ्यातली दिया बघत होती, आणि मी प्लेटमध्ये चकल्या वाढत होते. मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू.

“काही लागत नाही,” मी म्हटलं. “उचल फोन.”

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फ्रेमकडे. मग फोन लावला. क्लिनिकमधल्या पहिल्या बाईने नाव, तारखा घेतल्या आणि तासाभरात नर्सचा फोन आला. नर्सने विचारलं, खोलीत आणखी कोण आहे. वरदा म्हणाली, काकू आहेत, चालतील. नर्स म्हणाली, मला चालणार नाहीत. माझ्याच फ्रंट रूममधून मला फोनवरून बाहेर काढलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मी कुशला घेऊन बागेत गेले.

वीस मिनिटांनी वरदा बाहेर आली. गोळ्या दोन दिवसांत पोस्टाने येणार होत्या. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, “काकू, तिने विचारलं, तुम्हाला काय हवंय? मी सांगितलं. कुश झाल्यावर मी आठ महिने अंथरुणातून उठत नव्हते. त्याला हातात घ्यायची भीती वाटायची. मला पुन्हा तसं व्हायचं नाहीये. ती म्हणाली, हवं तर आमच्याकडे बोलायला माणूस आहे, आज, नंतर, कधीही. मी म्हटलं, नंतर बोलेन.” डोळे पुसून म्हणाली, “काकांना मी हे सांगणारच होते. पण त्यांनी विचारलंच नाही.”

साडेपाचला हे आले. खुर्च्यांचा प्रश्न सुटल्यामुळे खुशीत होते. मी सगळं सांगितलं. ह्यांनी पहिल्यांदा काय विचारावं? “तिसरं सेशन न करता?”

“न करता.”

“अगं, पण असे निर्णय घाईत घेतले की बाईच्या मनाला आयुष्यभर टोचणी लागते. एकतिसावी स्लाइड आहे.”

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “मला नाही लागली.”

ह्यांना कळेना. मी ह्यांना खुर्चीत बसवलं. “एकोणनव्वद साल, नोव्हेंबर. आपली दोन्ही मुलं शाळेत. सकाळी नाश्त्याला मी तुम्हाला सांगितलं, दिवस गेलेत आणि मला तिसरं नकोय. तुम्ही घड्याळ बघितलंत. म्हणालात, तुझं तू बघ, मला मंडळाची मीटिंग आहे. मी बघितलं. एकटी गेले, एकटी आले. त्याचं काही वाटलं नाही मला, तेव्हाही आणि आजही. एकटी गेले त्याचं वाटलं.”

“मी आलो नव्हतो?”

“नाही.”

मला वाटलं, आता त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये तपासतो म्हणतील, मंडळाची सगळी जुनी मिनिट्स वर माळ्यावर आहेत. पण तसं काही म्हणाले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, “लीला, तुला भीती वाटली होती का गं?”

“खूप,” मी म्हटलं. आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला ह्यांच्यासमोर रडू आलं.