परिषदेत अण्णा आला होता

विभागप्रमुखांनी बैठकीत परिषदेच्या मुख्य वक्त्याचं नाव सांगितलं. ते माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं नाव होतं. खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललं होतं, आणि अण्णाशी बोलणं बंद झाल्यापासून मी त्याचा उल्लेख कुठेच करत नव्हते.

"मोठा माणूस आहे, आणि आपल्या धारवाडचाच," प्रमुख कौतुकानं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मी हुबळीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. माझा विषय मुलांना आवडत नाही. प्रोग्राम आधी लिहायचा आणि मग चालतो का ते बघायचं, अशी सगळ्यांची रीत. मी सांगते, आधी त्यानं काय करायला हवं ते गणितात मांडा, आणि त्या मांडणीतून एकेक ओळ सिद्ध करत उतरवा. प्रमुखांना हा सगळा उपद्व्याप वाटतो. "मेडम, चालतोय हे दिसतंय की. मग सिद्ध कशाला करता?" असं ते मला भर स्टाफरूममध्ये कन्नडमधून ऐकवतात आणि बाकीचे हसतात.

त्याच प्रमुखांना यंदा माझ्या विषयावर परिषद घ्यावीशी वाटली, कारण कॉलेजच्या मूल्यांकनात राष्ट्रीय परिषद दाखवायची होती आणि हा विषय आसपास कुणी घेतला नव्हता. विषय माझा म्हणून राबणं माझ्याकडे आलं. पाहुण्यांची राहण्याची सोय, भाकरी आणि एण्णगायीचं, म्हणजे भरल्या वांग्यांचं जेवण, माईक, प्रोजेक्टर, सगळं. व्यासपीठावर बसायला मात्र प्रमुखांच्या मर्जीतली माणसं होती.

अण्णाचं आणि माझं काय झालं होतं ते इथेच सांगते. आमचे अप्पा धारवाडच्या शाळेत गणित शिकवायचे. आम्हा दोघांना त्यांनी एकाच टेबलावर बसवून शिकवलं. पुढे अण्णा बाहेर गेला, मोठ्या संस्थेत प्राध्यापक झाला. मी इथेच राहिले. आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे, हुबळीतल्या केशवापूरला राहायला आले. त्यांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "नळ्या घालून ठेवू नका मला." शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मशीनवर ठेवायचं का? मी नाही म्हटलं. अण्णा पोचायच्या आत अप्पा गेले. तेराव्याला, पंगत बसलेली असताना, तो सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "हिनं मारलं अप्पांना." कुणी काही बोललं नाही. एका मावशीनं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून मी त्याचं नाव टाकलं.

परिषदेच्या सकाळी तो गाडीतून उतरला तेव्हा प्रमुख हार घेऊन पुढे झाले. त्यांच्या मागे मी उभी होते. अण्णाचे केस पार पांढरे झाले होते आणि चालताना तो थेट अप्पांसारखा एका खांद्यावर कलत होता. मला ते बघवलं नाही.

"आणि ह्या आमच्या मेडम," प्रमुख म्हणाले, "जेवणाखाण्याचं बघतात."

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. हात जोडले. "नमस्ते मेडम," तो इंग्रजी वळणानं म्हणाला, आणि पुढे गेला.

मला वाटलं होतं तो निदान गडबडेल. तो मुळीच गडबडला नाही. मग मीही ठरवलं, नमस्ते तर नमस्ते.

माझा शोधनिबंध दुपारच्या जेवणानंतर ठेवला होता, लोक पेंगतात त्या वेळेला. आणि त्या सत्राच्या अध्यक्षपदी बसवलं होतं अण्णाला. मी नवनगरच्या चौकातला सिग्नल घेतला होता. हुबळी-धारवाड रस्त्यावर मधल्या राखीव मार्गानं बस येते, तिला आधी वाट द्यायची, आणि त्याच वेळी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला कधीही हिरवा दिवा मिळता कामा नये. 'कधीही' हा शब्द गणितात मांडायचा आणि त्यातून सिग्नलचा प्रोग्राम उतरवायचा. मी जीव लावून केलं होतं ते काम.

माझं बोलून झाल्यावर अण्णानं चष्मा काढला. सगळं इंग्रजीतच चाललं होतं.

"ह्यात नवीन काय आहे?" त्यानं विचारलं.

"पद्धत जुनीच आहे सर. पण ती इथल्या खऱ्या चौकाला लावून—"

"म्हणजे नवीन काही नाही. पदवीच्या मुलांना गृहपाठ म्हणून ठीक आहे. परिषदांनी आपली पातळी सांभाळायला हवी." तो सभागृहाकडे वळला. "पुढचे वक्ते?"

लोक हसले. प्रमुख सगळ्यांत मोठ्यानं हसले. नंतर चहाच्या रांगेत ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बिडरी मेडम, मनाला लावून घेऊ नका. तुमचं जेवण फार छान झालं होतं."

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वकील आहे, धारवाडच्या कोर्टात जातो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उद्या जाऊ नकोस." मी म्हटलं, "जेवण कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाचं मुख्य व्याख्यान होतं. सभागृह भरलं होतं. मी मागे, दाराजवळ उभी होते. तो बोलतो छान, अप्पांसारखंच, खडू नसला तरी बोटं खडू धरल्यासारखी. त्यानं एक नवा नियम बांधला होता. त्याचा दावा असा, की ह्या नियमानं पायरी पायरीनं गेलं तर प्रोग्राम बरोबर आहे हे तर सिद्ध होतंच, पण तो कधीतरी थांबेल हे वेगळं सिद्ध करायची गरजच उरत नाही. लोक भराभर लिहून घेत होते.

मग त्यानं उदाहरण दाखवलं. क्रमानं लावलेल्या नावांमधून एक नाव शोधायचं. नावांचा मध्य घ्यायचा. हवं असलेलं नाव त्या मधल्या नावाच्या आधीचं असेल तर आधीचा भाग ठेवायचा, नाहीतर मधल्या नावापासून पुढचा भाग ठेवायचा. असं करत करत एकच नाव उरेपर्यंत जायचं.

मी पडद्याकडे बघत राहिले. मनात दोन नावं ठेवून पाहिली. पुन्हा पाहिली. नियम तिथे अडकत होता.

प्रश्न विचारा म्हटल्यावर दोघातिघांनी प्रश्न कमी आणि स्तुती जास्त केली. मग मी हात वर केला. सूत्रसंचालकानं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी माईकची वाट न बघता बोलले.

"सर, शेवटी दोनच नावं उरली तर? तुमच्या नियमानं मध्य म्हणजे त्यातलं पहिलं नाव. शोधायचं नाव दुसरं असेल, तर मधल्यापासून पुढचा भाग म्हणजे पुन्हा तीच दोन नावं. मग पुन्हा तीच. हा प्रोग्राम चुकीचं उत्तर देणार नाही, पण थांबणारही नाही. आणि तुम्ही तर म्हणालात, थांबण्याचं वेगळं सिद्ध करायला नको."

अण्णानं पडद्याकडे पाहिलं. "हा तपशिलाचा भाग आहे," तो म्हणाला.

"सर, आपल्या विषयात तपशील नावाचं काही नसतं. तुमचा सगळा दावाच त्यावर उभा आहे."

"मी उत्तर दिलं आहे."

"नाही दिलंत. थांबायचं तर प्रत्येक फेरीला काहीतरी कमी व्हायला हवं. काय कमी होतं, तेवढं सांगा."

आणि तेव्हा अण्णाचा तोल गेला. आवाज एकदम चढला आणि इंग्रजी सुटलं.

"गप्प खाली बस गं तू! लहानपणापासून हेच तुझं!"

त्याच्या हातातला माईक चालू होता. मराठी कळणारे पटकन माझ्याकडे वळले आणि न कळणाऱ्यांना शेजारच्यांनी सांगितलं. आमच्या भागात कन्नड माणसालाही एवढं मराठी कळतंच. सभागृहभर कुजबूज उठली. प्रमुखांचं तोंड उघडंच राहिलं.

मी बसले नाही. बसायला खुर्चीही नव्हती. म्हटलं, "अण्णा, काय कमी होतं ते सांग." इंग्रजी मीही सोडलं होतं.

त्यानं माईक टेबलावर ठेवला. सूत्रसंचालकानं घाईघाईनं आभार मानले आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

मी मागच्या जिन्यात गेले. अण्णा माझ्या पाठोपाठ आला. एवढ्या जवळून मी त्याला तेराव्यानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

"सगळ्यांसमोर मला खाली पाडायचं होतं ना? पाडलंस. झालं समाधान?"

"काल तू काय केलंस?"

"कालचं तुझं काम खरंच सामान्य होतं."

"असेल. आजचं तुझं चूक होतं."

तो कठड्याला टेकला. "तू आधीपासून अशीच. कुणासाठी थांबायचं नाही. अप्पांसाठीसुद्धा थांबली नाहीस. मी वाटेत होतो. मशीनवर ठेवलं असतंस तर मला ते जिवंत भेटले असते. एवढंच मागत होतो मी."

"तुला भेटावेत म्हणून त्यांच्या घशात नळी घालायची होती मी?"

"ते तसं म्हणाले होते हे फक्त तू सांगतेस."

"तुलाही सांगितलं होतं त्यांनी. दिवाळीत, फोनवर. फोन मीच धरला होता त्यांच्या कानाला, स्पीकर चालू होता. ते म्हणाले, 'अरे, मला नळ्या नकोत, ऐकतोयस ना?' तू म्हणालास, 'बघू की अप्पा नंतर, आत्ता मीटिंग आहे.'"

अण्णाचा चेहरा बदलला. त्याला आठवलं होतं. आठवलेलं माणसाच्या चेहऱ्यावर दिसतं, निदान भावाच्या तरी. मी वाट बघितली. एक शब्द म्हणाला असता तर मी कदाचित जिन्यातच बसून रडले असते.

"मला वाटलं त्यांना अजून खूप वेळ आहे," तो म्हणाला. आणि लगेच, चुकून उघडं राहिलेलं दार लोटून घ्यावं तसा, "पण तुझी जीभ फार चालते. ती आवर. नोकरी टिकवायची असेल तर."

तो वर निघून गेला. मला त्याची दया आली नाही. त्याचा कललेला खांदा दिसत होता, तरी आली नाही.

समारोपाला तो थांबला नाही. शाल आणि स्मृतिचिन्ह टेबलावर तशीच राहिली. प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"एन् मेडम इदु? हे काय आहे? भाऊ आहे तुमचा, आणि आम्हाला सांगितलं नाही? घरची भांडणं कॉलेजात आणलीत?"

"मी गणिताचा प्रश्न विचारला सर."

"पाहुण्यांना प्रश्न विचारायची एक पद्धत असते."

"माझा प्रश्न चूक होता का?"

ते मला ठाऊक नाही, त्याचा इथे संबंधही नाही, असं ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना तो कळलाच नव्हता. कॉलेजच्या पुढच्या सत्रात माझा विषय काढून त्यांनी एका नव्या सहकाऱ्याला दिला, आणि मला पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा. तिथे मुलं प्रोग्राम चालवून बघतात, चालला की टाळ्या वाजवतात. मी तक्रार केली नाही. ह्या कॉलेजात तक्रार ऐकणारेही तेच आहेत.

पावसाळा संपता संपता अण्णाचा फोन आला, मला नाही, माझ्या नवऱ्याला. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. नवऱ्याचं नुसतं "हं, हं" ऐकू येत होतं. मग तो फोन हातात तसाच धरून दारात आला.

"अण्णा म्हणतोय, तिला सांगा, तिचा प्रश्न बरोबर होता. नियम दुरुस्त करून छापायला दिलाय."

"माझं नाव घातलंय?"

नवऱ्यानं विचारलं. ऐकून घेतलं. "म्हणतोय, हुबळीतल्या एका श्रोत्याचे आभार मानलेत."

"आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"त्याला कळेल. विचारा."

नवऱ्यानं फोनमध्ये विचारलं. मग अण्णा काहीतरी थोडकं बोलला.

"ते फोनवर नको म्हणतोय. समोरासमोर बोलू म्हणतोय. येऊ का, विचारतोय."

तव्यावरची पोळी फुगून आली होती. मी ती उलटली, आच कमी केली.

"त्याला सांगा, तेराव्याला जेवढे नातेवाईक होते तेवढे बोलावून ये. त्यांच्यासमोर बोल. एकटा येणार असशील तर येऊ नकोस."

नवरा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. वकील माणूस, तडजोड त्याच्या रक्तात. पण त्यानं ते अण्णाला शब्दशः सांगितलं.