हिरवी चिंधी बांधलेली वायर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आप्पांना नाही, लेकीला नाही — देवापुढंसुद्धा नाही. तिथंही हात जोडून इकडचं तिकडचंच बोलले. तुम्ही आमच्या नात्यागोत्यातले नाही, म्हणून बरं.

गेल्या रविवारी नात आमच्या जुन्या जीपला पंख्याचं नवीन बटण बसवत होती. रांजणगावला कंपनीत असते ती. हाताला ग्रीस लागलं की खूश. रेडिएटरला एक छोटंसं बटण असतं. पाणी तापलं की ते पंखा लावतं, निवलं की बंद करतं. आप्पा — म्हणजे माझे यजमान — खुर्चीवरून म्हणाले, "घट्ट बसव गं. न्हाईतर बबन्यासारखं व्हायचं."

वीसेक वर्षं ऐकतेय मी हे वाक्य. आणि हसले. दर वेळी हसते तशी.

बबनभाऊंचं शिरूरला गॅरेज होतं. जीप तेव्हाच म्हातारी झाली होती. तिचा पट्ट्यावरचा पंखा काढून त्यांनी विजेचा पंखा आणि असलंच बटण बसवलं. आमच्याकडं ते नवीन होतं. आप्पा चार लोकांना बोलावून दाखवायचे.

आणि मी? काय सांगू तुम्हाला तेव्हाचा माझा तोरा! गल्लीत फ्यूज बांधणारी एकटी बाई. कुणाची लाइट गेली की पदर खोचून निघायची, जणू सगळ्या तालुक्याची वीज माझ्याच गाठीला होती. खोलीत माणूस नसताना पंखा फिरताना दिसला की जीव खालीवर व्हायचा. आणि हा पंखा तर गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी अंगणात घरघरतोय!

बबनभाऊंनी नीट सांगितलं होतं हो. "वहिनी, पाणी गरम हाय तवर फिरणार. निवलं की आपोआप थांबतोय. तुम्ही फक्त वाट बघा."

वाट बघायची? मी?

भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आप्पा जीप लावून आत गेले. पंखा चालूच. मनात म्हटलं, बॅटरी उतरवून ठेवील मेला, सकाळी गाडीला धक्का मारायला लावील. बॉनेट उघडलं आणि बटणावरची वायर उपटली. तिचं टोक उघडं राहू नये म्हणून शिलाईतली हिरवी चिंधी गुंडाळली. व्यवस्थित, दोन गाठी मारून. स्वतःवर इतकी खूश की बबनभाऊंनाच चार गोष्टी शिकवाव्यात असं वाटलं. सकाळी परत लावू, म्हटलं. सकाळी मेंदी, आहेराच्या पिशव्या, नणंदेचे फोन — राहिली.

चूक, म्हणाल. होते माणसाकडून. पण थांबा, मला सांगायचंय ते अजून पुढंच आहे.

लग्न दौंडात. आप्पा नवरीचे एकुलते एक मामा. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो, तुम्हाला ठाऊक असेल. जीपमध्ये आम्ही सगळे, मागच्या बाकावर बबनभाऊ. गाडी मोकळ्या रस्त्याला पळत होती तोवर वाऱ्यानं भागलं. पाटसजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि आम्ही तिच्यात अडकलो. दोन हात पुढं, पुन्हा उभे.

मागून बबनभाऊ म्हणाले, "आप्पा, पंख्याचा आवाज यीना की वो."

तेव्हा मला आठवलं.

ऐकताय ना? तेव्हाच आठवलं. वाफ निघायच्या आधी. नुसतं बॉनेट उघडून वायर खोचायची, मिनिटाचं काम. तोंड उघडायचा अवकाश होता! पण गाडीत सासूबाई, दोन चुलत जावा, आणि आप्पांचा राग — आणि फ्यूजवाली बाई म्हणून मिरवलेली मी. मी काय केलं? जावेकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "अगंबाई, ह्या बांगड्या कुठनं घेतल्या?" बांगड्यांवरून पैठणीवर गेले, पैठणीवरून नवऱ्या मुलाच्या उंचीवर. बबनभाऊंचा आवाज त्यात बुडवला. मुद्दाम.

मग वाफेचा फवारा उडाला.

बबनभाऊंनी बॉनेट उघडलं. मी शेजारी उभी. त्यांनी वायर हातात घेतली, चिंधीवरून अंगठा फिरवला. मग वर पाहिलं — माझ्या दंडाकडं. ब्लाउजही त्याच हिरव्या कापडाचं होतं. आदल्याच आठवड्यात शिवलेलं.

आप्पा कडाडले, "काय झालं रे?"

चिंधी त्यांनी मुठीत घेतली आणि खिशात घातली. "माझंच चुकलं आप्पा. वायर सैल राहिली."

फेटा बांधलेले आप्पा रस्त्यावर, वऱ्हाडासमोर, त्यांना जे बोलले ते मी इथं सांगत नाही. मग कुणाच्यातरी मोटारसायकलवर मागं बसून गेले. पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. फोटोत भाचीच्या पाठीशी शेजारचे कुणी गृहस्थ उभे आहेत.

शेतकऱ्यांच्या सोसायटीत आप्पांचा शब्द चालायचा. बबन्या वायरसुद्धा धड बसवत नाही, हे त्यांनी तळेगावच्या बाजारापर्यंत पोचवलं. हंगामात बबनभाऊंच्या दारी ट्रॅक्टरची रांग लागायची. ती दुसरीकडं लागू लागली. दोन वर्षांत गॅरेज बंद झालं. दौंडात दुसऱ्याच्या हाताखाली राहिले ते. ह्या सगळ्या काळात मी रोज बोलत होते — किती बोलते मी, विचारा कुणालाही! — फक्त तेवढं सोडून.

एकदा दौंड स्टेशनवर भेटले. आप्पांनी तोंड फिरवलं. बबनभाऊ मला म्हणाले, "काय वहिनी, फ्यूज अजून तुम्हीच बांधता व्हय?" आणि हसले. राग नव्हता हो त्यांच्या हसण्यात. असता तर बरं झालं असतं.

रविवारी नातीनं गाडी फिरवून आणली, बंद केली आणि हात धुवायला गेली. पंखा फिरत होता. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. दोनदा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. मग घरघर मंदावली, पाती दिसू लागली, आणि पंखा थांबला. आपोआप. माझा चहासुद्धा गार झाला नव्हता.

वायर मी काढली. आठवल्यावरही गप्प मी बसले. बबनभाऊंचं काम चोख होतं.