पत्र्यावरचा दात

"दात कुठे आहे?"

"टाकला की, म्याडम."

"कुठे?"

"पत्र्यावर."

फोन दुपारी तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आला. वेळ सांगते, कारण या गोष्टीत सगळा खेळ मिनिटांचा आहे आणि मला केसपेपरवर वेळ लिहायची सवय आहे. माझा दातांचा दवाखाना पलूसला. फोनवर होते कुंडलजवळच्या एका वस्तीवरचे फौजी, सुट्टीवर आलेले. आदल्या वर्षी त्यांच्या दाढेचं रूट कॅनाल मी केलं होतं. त्यांची नऊ वर्षांची पुतणी श्रावणी कारखान्याला निघालेल्या ट्रॉलीमागे पळत ऊस ओढत होती. ऊस सुटून आला आणि ती तोंडावर आपटली. याला पाच वर्षं झाली.

आधी विचारलं, शुद्ध हरपली का, उलटी झाली का? दोन्ही नाही. ओठ फुटला होता आणि वरचा पुढचा दात मुळासकट निघाला होता. फौजींना एवढंच विचारायचं होतं की, रक्त थांबलंय, तर उद्या सकाळी आणलं तर चालेल का.

"दात पत्र्यावर कोणी टाकला?"

"आमच्या आक्कानं. श्रावणीच्या आत्यानं."

मागून आत्यांचा आवाज आला. "आवं म्याडम, रीतच हाय ती. उंदीरमामाला दिला. दुसरा येतुया की!"

"आत्या, दुसरा येणार नाही. हाच दुसरा होता."

"मग आता?" फौजींनी विचारलं.

इथे थोडं समजावून सांगते. दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचं मूळ आधीच विरघळून गेलेलं असतं. हातात येतो तो तांदळाच्या दाण्यासारखा. त्याच्यामागून पक्का दात येतो, वरचे पुढचे साधारण सात-आठव्या वर्षी. त्याला लांब मूळ असतं आणि त्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. दात निखळला तरी तो थर ओला राहिला, तर दात परत बसवता येतो. वाळला की पेशी मरतात. अर्ध्या तासात बसवला तर उत्तम. तासभर कोरडा राहिला, तर आशा फारच कमी. आणि हा दात माघातल्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर पडला होता.

"फौजी, शिडी आहे?"

"हाय."

"चढा. फोन स्पीकरवर ठेवा."

मला पत्र्याचा खणखणाट ऐकू येत होता. खालून आत्या दिशा सांगत होत्या. "उजवीकडं रं! माझा हात जरा जोरात गेला हुता." मग फौजींचा आवाज. "म्याडम, पन्हळीत घावला. पर हितं तीन हायती!"

"तीन काय?"

"दात. घरातल्या समद्या पोरांचे हितंच येऊन पडल्यात जणू. ह्यातला एक माझा बी असंल."

मला हसू आलं, पण घड्याळात चार वाजून चार मिनिटं झाली होती. "ताजं रक्त असलेला आणि लांब मुळाचा उचला. पांढऱ्या बाजूने धरा. मुळाला बोट लावू नका."

"लय माती लागलीया. पुसतो जरा."

"पुसू नका!"

"आवं, बुटासारखा चकचकीत करून आणतो की."

"फौजी, घासलात तर दात गेला. दहा सेकंद पाण्याची बारीक धार धरा, बस्स. मग जागेवर बसवता येतोय का बघा."

श्रावणीच्या किंचाळण्यावरून ते जमणार नाही हे कळलं. मग दूध, त्यात पेशी काही वेळ तग धरतात. पण दुपारचं दूध डेअरीला गेलं होतं. घरात होती ती फक्त श्रावणीच्या वर्षाच्या भावाची बाटली, निम्मी भरलेली. तिच्या आईने बूच उघडून त्यात दात टाकला. चार वाजून आठ मिनिटं. पडल्यापासून अठ्ठावीस.

अंतर दहा किलोमीटर, वाटेत उसाच्या ट्रॉल्या. ते चार एकतीसला पोचले. फौजींनी बाटली दोन्ही हातांत धरली होती. श्रावणीने रुमालाखालून विचारलं, "म्याडम, खरंच नवा न्हाई येणार?"

"नाही."

"मग ह्योच लावा की."

तेच केलं. दात सलाइनने धुतला, हिरडी बधिर केली, रक्ताची गुठळी काढली, एक्स-रे पाहिला. हाड शाबूत होतं. दात बोटाने हळूहळू दाबत जागेवर नेला आणि शेजारच्या दातांना बारीक लवचिक तारेने चिकटवला. ही तार दोन आठवडे ठेवायची. धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी केली. मऊ जेवण, मऊ ब्रश.

"आणि ऊस?" श्रावणी.

"जीभ बघा पोरीची!" आत्या दारातून ओरडल्या. मग खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्याडम, माझ्या हातानं झालं ओ. पोरीच्या तोंडाचं वाटुळं केलं असतं मी."

मी त्यांना माझा दात दाखवला. वरच्या उजव्या दाताचा कोपरा उडालेला आहे. फलटणला लहानपणी उसाच्या बैलगाडीमागे मीही पळायचे, त्यातच तो उडाला. गाडीवान चाबूक उगारायचा, पण मारायचा नाही. माझे दुधाचे दात वडील मला घराकडे पाठ करून उभं करून डोक्यावरून कौलांवर टाकायला लावायचे. पहिल्या दाताला मी फार जोर लावला आणि तो पलीकडे शेजाऱ्यांच्या अंगणात गेला. वडील शोधायला गेले आणि चहा पिऊन परत आले. दाताचा तो उडालेला कोपरा मी अजून भरून घेतलेला नाही.

श्रावणीचा दात टिकला. आतली नस मात्र मेली, म्हणून पुढे त्याचं रूट कॅनाल करावं लागलं. रंग किंचित पिवळट आहे. दात जन्मभर राहीलच असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पाच वर्षं राहिला, एवढं कागदावर आहे.

ही चूक मी माझ्याही नावावर मांडली. त्याआधी अकरा वर्षं मी शाळांमधून सांगत होते: निखळलेला दात दुधात ठेवा, खेळताना माउथगार्ड घाला. पोरं माना हलवायची. दात पडला की तुमच्या घरी आधी काय करतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि मी स्वतः कौलांवर दात टाकून वाढलेली! आता शाळेत गेले की पहिला प्रश्न तोच. पत्र्यावर, कौलांवर, उंदराच्या बिळात, सगळी उत्तरं येतात. मग सांगते, तांदळाएवढा दात उंदरालाच द्या, मुळासकट आलेला मला द्या.

गेल्या महिन्यात श्रावणीचा फोन आला. आता ती चौदा वर्षांची आहे.

"म्याडम, भावाचा दात पडलाय."

"किती वर्षांचा झाला तो?"

"सहा. बाटलीवाला."

"कुठला दात?"

"खालचा, फुडचा. मूळ न्हाई, बघितलं मी. आत्या हातात घिऊन उभी हाय. म्हनती, म्याडमला विचारल्याबिगर टाकनार न्हाई."

"टाका म्हणावं."

फोन चालूच होता. पत्र्यावर टक्कन आवाज झाला.